एकाच कुटुंबाच्या नर्स केस मॅनेजमेंट कंपनीत नोकरी घ्यावी का? (जॉर्जिया)

जाईजुई

इथे अमेरिकेतल्या बऱ्याच नर्सेस येतात, म्हणून विचारतेय. मी मूळची मिरजेची. बीएस्सी नर्सिंग, मग पुण्यात आयसीयू, मग एनक्लेक्स (इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) आणि ग्रीन कार्डाची वाट बघणं, हे सगळं उरकून अटलांटात आले. तेव्हापासून ऑर्थो-ट्रॉमा फ्लोअरवर आहे, बहुतेक रात्रपाळी. बारा तासांच्या पाळीनंतर गुडघे बोलायला लागलेत आणि मुलगा आता मिडल स्कूलला जाईल. रात्री घरी असावंसं वाटतं.

एका जुन्या सहकारी बाईंनी एका वर्कर्स कॉम्प केस मॅनेजमेंट कंपनीत माझं नाव सुचवलं. कामावर जखमी झालेल्या कामगारांच्या केसेस इन्शुरन्सकडून येतात आणि नर्स त्या बघते. कंपनी छोटी आहे, दहा-बारा नर्सेस. मालकीणबाई स्वतः आरएन (रजिस्टर्ड नर्स), साठी ओलांडलेल्या. त्यांनी घरातूनच सुरू केली होती. मोठा मुलगा ऑफिस बघतो, सून बिलिंग करते आणि धाकटी मुलगी इन्शुरन्सवाल्यांना भेटून काम आणते. मुलाखतीत आई आणि मुलगा माझ्यासमोरच वाद घालायला लागले. आई म्हणे रिपोर्ट तीन पानांचा असावा, मुलगा म्हणे दीड! मला हसू आलं, पण घरी येईपर्यंत धाकधूक सुरू झाली.

मला फील्ड केस मॅनेजर म्हणून घेतायत, नॉर्थ जॉर्जियासाठी. पगार हॉस्पिटलच्या मानाने थोडा कमी, वर बिलेबल (क्लायंटला बिल लावता येणाऱ्या) तासांवर बोनस. नवरा म्हणतो, मोठ्या राष्ट्रीय कंपनीत जा, तिथे निदान शिडी तरी असते. इथे वरच्या तिन्ही खुर्च्या घरच्यांनीच धरल्यात. तुमचा काय अनुभव? अशा ठिकाणी करिअर होतं का, की आपण कायम "बाहेरची" राहतो?

डॅफोडिल

अभिनंदन! मी हॉस्पिटलमध्ये केस मॅनेजर आहे. काम चांगलं आहे, डिस्चार्ज प्लॅनिंग आणि इन्शुरन्सचं अप्रूव्हल. बेडसाइडपेक्षा शरीराला खूप आराम. डोळे मिटून घे.

कोकणी_मिरची

डॅफोडिल, तुमचं काम आणि हे काम नावापुरतंच सारखं. तुमचा पेशंट पलंगावर असतो. हिचा पेशंट डाल्टनच्या कार्पेट मिलमध्ये नाही तर गेन्सव्हिलच्या चिकन प्लांटमध्ये असतो आणि ही त्याच्यामागे गाडी घेऊन फिरणार. डोळे मिटून घेऊ नकोस गं जाईजुई, उघडे ठेवून घे.

मी अशाच एका कंपनीत टिकले. टेनेसी आणि जॉर्जिया दोन्हीकडच्या केसेस बघते. आमच्याकडे बाप-लेकीची कंपनी होती, आता लेकीची आहे. बाप पूर्वी इन्शुरन्समध्ये होता आणि लेक नर्स. मी आडनावाने बाहेरचीच, पण आज नव्या नर्सेसना मी शिकवते आणि रिपोर्ट माझ्या नजरेखालून जातात. म्हणजे होतं करिअर. नवरोबा म्हणतात तशी शिडी मात्र नसते.

आधी हे समजून घे की या धंद्यात काम कंपनीच्या नावाने कमी येतं आणि नर्सच्या नावाने जास्त. अ‍ॅडजस्टर (इन्शुरन्सतर्फे क्लेम बघणारा) फोन करतो, "मला तीच द्या." असे पाच-सहा अ‍ॅडजस्टर तुझ्या नावाने केस पाठवायला लागले, की सुनेला बिलिंगच्या पत्रकावर दिसतं आणि मुलगा आपणहून तुझ्याशी बोलण्याचा सूर बदलतो. मोठ्या कंपनीत तू सीनियर, मग सुपरवायझर, मग रीजनल अमुकतमुक होशील. कार्डावर दर दोन वर्षांनी नवा शब्द. इथे कार्डावर कायम आरएन, सीसीएम (केस मॅनेजरचं सर्टिफिकेट) एवढंच राहील. ते चालत असेल तर पुढचं वाच.

सीसीएमवरून आठवलं. ती परीक्षा द्यावीच लागेल, आज ना उद्या. सीसीएम असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली केस मॅनेजमेंट केलंस तर 12 महिन्यांच्या पूर्णवेळ अनुभवावर बसता येतं. तशी देखरेख नसेल तर 24 महिने लागतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार: तुमच्याकडे सीसीएम कोण आहे आणि माझी सुपरवायझर ती असेल का? घरच्या कंपन्यांत कधीकधी मालकीणबाईंचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं, पण नूतनीकरण राहून गेलेलं असतं. दर पाच वर्षांनी करावं लागतं, 80 तासांचं शिक्षण दाखवून. परीक्षेची फी कंपनी देते का, हेही तेव्हाच विचारून घे. आपल्याकडे पैशाचं विचारायला लाज वाटते, तिथे वाटू देऊ नकोस.

आता कामाचं. ऑर्थो-ट्रॉमा केलंयस म्हणजे निम्मं मेडिकल तुला येतंच: रोटेटर कफ, मेनिस्कस, लंबर फ्यूजन. अडेल ते बाकीचं. जॉर्जियात मालकाने किमान सहा डॉक्टरांची यादी लावायची असते आणि कामगाराने त्यातला निवडायचा. पगाराच्या दोन तृतीयांश भरपाई आठवड्याला मिळते, वर कमाल मर्यादा. इजा "कॅटॅस्ट्रॉफिक" (फारच गंभीर) धरली नसेल तर ती जास्तीत जास्त 400 आठवडे. कॅटॅस्ट्रॉफिक केसेसना राज्याच्या वर्कर्स कॉम्प बोर्डाकडे नोंदलेला रिहॅब सप्लायरच (पुनर्वसनाचं काम बघणारा) लागतो, त्या तुला लगेच मिळणार नाहीत. आणि टेनेसीत गेलीस की नियम निराळे. तुझं जॉर्जियाचं लायसन्स मल्टिस्टेट करून घे, म्हणजे टेनेसी, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना उघडतात.

एक उदाहरण देते, म्हणजे कळेल पैसे कशाचे मिळतात. मिलमधला एक बाप्या, डावा हात रोलरमध्ये सापडलेला, दोन बोटांच्या टेंडन्स शिवलेल्या. डॉक्टरने लिहिलं, लाइट ड्यूटी, डाव्या हाताने पाच पौंडांच्या वर उचलायचं नाही. मिलचा एचआर म्हणाला, आमच्याकडे लाइट ड्यूटी आहे, सुताचे कोन लावायचे, बसून काम. अ‍ॅडजस्टर खूश. कागदावर सगळं जुळलं. मी मिलमध्ये गेले आणि तिथल्याच काट्यावर एक कोन ठेवला. नऊ पौंड! एचआरच्या बाईंना खरंच माहीत नव्हतं, त्यांनी कधी उचललाच नव्हता. फोटो काढला, डॉक्टरला दाखवला, काम बदलून लेबलं तपासायला बसवलं. तो कामावर टिकला, टाके उसवले नाहीत आणि वकिलापर्यंत प्रकरण गेलं नाही. ऑफिसात बसून फोनवर केस बघणारीला तो कोन कधीच दिसला नसता.

पण तो बाप्या पहिल्या भेटीत माझ्याशी धड बोलत नव्हता. बरोबरच आहे त्याचं. तुझे पैसे इन्शुरन्स देतं, हे त्याला माहीत असतं. त्याला वाटतं ही कंपनीची हेर. आणि कधी कधी अ‍ॅडजस्टर खरोखरच तुला हेर करायला बघतो: "डॉक्टरला जरा सांग ना, फुल ड्यूटीवर पाठवायला." "तो पार्किंगमध्ये लंगडत होता का बघ." तू नाही म्हणणार, ते तुझं लायसन्स आहे. प्रश्न असा की तू नाही म्हटल्यावर मालकीणबाई काय करतात?

घरच्या कंपनीची पारख मी इथे करते. मोठ्या कंपनीत पॉलिसी असते, कंप्लायन्सचा नंबर असतो, तो लागो न लागो. घरच्या कंपनीत पॉलिसी म्हणजे त्या बाईंचा कणा. आमच्या मालकाने एकदा माझ्यासाठी एक मोठं अकाउंट सोडलं. त्या महिन्यात त्याच्या लेकीचं तोंड बघण्यासारखं होतं, पण सोडलं. म्हणून मी टिकले. तुझ्या मालकीणबाईंना सरळ विचार: "नर्सने नकार दिला म्हणून तुम्ही कधी क्लायंट गमावलाय का?" उत्तर देताना त्या कोणाकडे बघतात तेही बघ. आईने अभिमानाने सांगितलं आणि मुलगा टेबलाकडे बघत बसला, तर आजचं ठीक आहे, उद्याचं नाही. कारण तू ज्या वयात स्थिरावशील त्या वयात कंपनी मुलाच्या हातात असेल.

रिपोर्टावरचा वाद ऐकून घाबरू नकोस. दीड पानवाला मुलगा बरोबर आहे.

क्लेमवाला

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा, अ‍ॅडजस्टर. डॅलसला बसतो, माझ्याकडे आग्नेयेतल्या राज्यांचे क्लेम आहेत. वर माझ्या जातभाईंना बराच प्रसाद मिळालाय, तो पावला. 😄 पार्किंगवाला प्रश्न मी कधी विचारला नाही, पण विचारणारे आहेत.

मिरचीताईंनी सांगितलं ते शंभर टक्के खरं, आम्ही नर्स बघून काम देतो. मला रिपोर्टाच्या पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी हव्या असतात: आज कामाची परवानगी काय आहे, पुढची अपॉइंटमेंट कधी, अडलंय कुठे, आणि तुम्ही त्याचं काय करताय. ऑपरेशनची कहाणी खाली असू दे, मी ती वाचेन किंवा वाचणार नाही. आणि अपॉइंटमेंट झाली की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल. रिपोर्ट आठवड्याने आला तरी चालेल, पण तो कामावर जाऊ शकतो की नाही हे मला मालकाकडून कळलं तर मग नर्स कशाला पाठवली?

छोट्या कंपन्या मला आवडतात, कारण फोन उचलतात. मात्र एक धोका सांगतो. मोठ्या इन्शुरन्स कंपन्या आणि टीपीए (दुसऱ्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या कंपन्या) हल्ली ठरावीक व्हेंडरचीच यादी ठेवतात. मला एखादी नर्स कितीही आवडली तरी तिची कंपनी यादीत नसेल तर केस देता येत नाही. म्हणून त्यांना विचारा: काम किती क्लायंटकडून येतं? अर्धं काम एकाच ठिकाणाहून येत असेल, तर तिथला एक मॅनेजर बदलला की तुमचे तास कोसळतात. विमा न घेता भरपाईची जोखीम स्वतःच उचलणाऱ्या स्थानिक कंपन्या, काउंट्या, शाळा असतील तर बरं. ते चटकन बदलत नाहीत.

अनामिक_नर्स

मी उलटी बाजू सांगते. अशाच एका कंपनीतून बाहेर पडले, राज्य सांगत नाही.

माझं काम उत्तम चाललं होतं. मग मालकांच्या भाचीने नर्सिंग संपवलं. एका रात्रीत माझे जवळचे शहरातले सगळे पेशंट तिच्याकडे गेले आणि मला दोन-दोन तासांच्या ड्राइव्हचे आले. वर गंमत अशी, की एका क्लायंटशी करारात प्रवासाचा वेळ अर्ध्या दरानेच बिल करायचा ठरलेला, त्यामुळे माझे बिलेबल तास घसरले आणि बोनस गेला. तक्रार कुणाकडे करणार? एचआर म्हणजे मालकांची बायको. रविवारी त्यांच्याकडे बार्बेक्यूला बोलवायच्या, प्रेमाने वाढायच्या, आणि सोमवारी परत तेच. भांडण असतं तर सोपं गेलं असतं.

शिवाय कंपनी विकली जाते, हे लक्षात ठेवा. हा धंदा गेली कित्येक वर्षं मोठे मासे गिळत आहेत. मालकांचं रिटायरमेंट म्हणजे विक्री. तेव्हा तुमचा नॉन-कॉम्पीट (नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे काम न करण्याचा करार) नव्या मालकाकडे जातो का, वाचा. जॉर्जियाचा कायदा अशा करारांना बऱ्यापैकी साथ देतो, नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षांपर्यंतची बंदी तिथे वाजवी धरून चालतात. केंद्राने 2024 मध्ये अशा करारांवरच सरसकट बंदी घालणारा नियम आणला होता, तो कोर्टात टिकला नाही. सही करण्याआधी वकिलाला दाखवा, तासाभराची फी जाईल.

कोकणी_मिरची

अनामिकताई, भाचीचा किस्सा वाचून वाईट वाटलं. होतं असं. म्हणूनच इलाका कागदावर लिहून घ्यायचा. "नॉर्थ जॉर्जिया" म्हणजे काय? डाल्टन, रोम, गेन्सव्हिल, ब्लू रिज, सगळंच नॉर्थ जॉर्जिया आहे. काउंट्यांची नावं लिहून मागायची. मायलेजचंही तसंच. आयआरएसचा (आयकर खात्याचा) दर 2025 ला मैलाला 70 सेंट होता. कंपनी तेवढा देते की कमी, आणि घरापासून मोजते की ऑफिसपासून? वेटिंग रूममधला वेळ पूर्ण दराने की अर्ध्या? ऑर्थोच्या डॉक्टरकडे दीड तास बसणं म्हणजे अर्धा दिवस गेला. वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहायचा असतो, आणि फोन झाल्याझाल्या लिहायचा. रात्री आठवून लिहिलेले तास कमीच भरतात.

जाईजुई

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून आभार.

मिरचीताई, आज फोन करून विचारलं. सीसीएम मालकीणबाईंकडे आहे, चालू आहे, आणि पहिलं वर्ष सुपरवायझर त्याच. फी देतात, पण पास झाल्यावर. क्लायंट गमावल्याचं विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दोनदा, आणि दुसऱ्यांदा या पोराने फोन ठेवला होता." मुलगा स्पीकरवर होता. म्हणाला, "त्यांनी आमच्या नर्सला पेशंटच्या तपासणीच्या खोलीत घुसायला सांगितलं होतं, पेशंट नको म्हणत असताना." मला बरं वाटलं.

क्लायंटचं मात्र गुळमुळीत उत्तर आलं. "बरेच आहेत," एवढंच.

अजून एक शंका. हॉस्पिटलमध्ये आम्हाला हिपा (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) इतकं घोटून शिकवलंय, की पेशंटचं काही कुणाला सांगायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. इथे तर सगळंच इन्शुरन्सला कळवायचं?

कोकणी_मिरची

मुलाने फोन ठेवला होता? मग निम्मी काळजी मिटली.

हिपाचं: वर्कर्स कॉम्पसाठी कायद्यातच वाट ठेवलेली आहे. क्लेमला लागणारी माहिती देता येते. पण लागणारी म्हणजे लागणारी. खांद्याच्या केसमध्ये डायबेटिस लिहायचा, कारण जखम भरायला उशीर होतो. वीस वर्षांपूर्वीचा गर्भपात चार्टमध्ये दिसला म्हणून रिपोर्टात उतरवायचा नाही. मी नव्या मुलींचे रिपोर्ट तपासते तेव्हा सगळ्यात जास्त काट मारते ती इथे. आणि पहिल्याच भेटीत पेशंटला सरळ सांगायचं: मला पैसे कोण देतं, मी काय कळवणार, डॉक्टरशी एकट्याने बोलायचं असेल तर मी बाहेर थांबते. वकील असेल तर आधी त्याची परवानगी. हे ऐकल्यावर निम्मे लोक मोकळे होतात. उरलेले नाही होत, त्यांच्याशी तेवढ्यापुरतं काम करायचं.

आणि तुझ्या नवऱ्याला सांग, पुढच्या वाटा आहेत. सीसीएम झाल्यावर लाइफ केअर प्लॅनिंग शिकता येतं: जबर जखमी माणसाला आयुष्यभर काय काय लागेल याचा आराखडा. सेटलमेंटच्या वेळी मेडिकेअर सेट-असाइडचं (पुढच्या उपचारांसाठी भरपाईतले पैसे बाजूला ठेवण्याचं) काम असतं, किचकट पण घरी बसून होतं. घरच्या कंपनीत ही कामं करणारं कोणी नसेल तर फारच उत्तम. तू शिकलीस की तो विभागच तुझा. तुमच्या अटलांटातलं शेफर्ड सेंटर हे रिहॅब हॉस्पिटल बघ, पोराच्या मणक्याला इजा झाली म्हणून एका कुटुंबाने 1975 साली सुरू केलं. एकदा जाऊन ये. कॅटॅस्ट्रॉफिक केसेस करायच्या असतील तर तिथल्या नर्सेसशी ओळख लागेलच.

क्लेमवाला

"बरेच आहेत" हे उत्तर चालायचं नाही. नावं मागू नका, ती ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. असं विचारा: गेल्या वर्षी सगळ्यात मोठ्या क्लायंटकडून एकूण कामाचा किती वाटा आला? बिलिंगवाल्या सूनबाईंना हा आकडा तोंडपाठ असणार. त्यांनाच विचारा.

जाईजुई

विचारलं. सूनबाईंनी लगेच सांगितलं, साधारण तिसरा हिस्सा, एका पोल्ट्री कंपनीकडून. आणि हळूच म्हणाल्या, "हा प्रश्न आजवर कुठल्याच नर्सने विचारला नव्हता."

काउंट्यांची यादी ईमेलने मागवलीये. करार शुक्रवारी वकिलाकडे जातोय. नवरा अजून मोठ्या कंपनीचीच जाहिरात उघडून बसलाय, पण रात्री घरी असणार म्हटल्यावर मुलगा माझ्या बाजूने आहे.

अनामिक_नर्स

बोनस दर महिन्याच्या तासांवर की तिमाहीच्या, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. डिसेंबरात डॉक्टर सुट्टीवर जातात, अपॉइंटमेंटा नसतात आणि महिन्याचं गणित बसत नाही.